पावसाळ्यात कोथरूड ते कल्याणीनगर: स्कूटर की मेट्रो?

दोन्ही करून झालंय. स्कूटरवर सहा पावसाळे काढले. मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंतची मेट्रो सुरू झाली, त्यानंतरचे दोन मेट्रोने. घर वनाज स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. तुमचं तसं नसेल तर हिशेब वेगळा होईल.

स्कूटरची बाजू लंगडी नाही. घराच्या दारातून थेट ऑफिसच्या दारात, आणि येताना भाजीही घेता येते. पहिल्या पावसात रस्त्यावरच्या ऑइल-धुळीचा राडा होतो, झेब्राच्या पट्ट्यांवर आणि चेंबरच्या झाकणांवर ब्रेक दाबायचा नसतो, हे पुण्यात गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. रेनकोटची पँट नेमकी बैठकीच्या शिवणीतून गळते आणि साडेदहाच्या मीटिंगला आपण उभे राहणंच पसंत करतो. तेही मी चालवून घेतलं.

नाही चालवून घेता आलं ते काचेचं प्रकरण. मला चष्मा आहे. हेल्मेटची काच खाली केली की दोन मिनिटांत आतून वाफ धरते, वर केली की चष्म्यावर थेंब. समोरच्या गाडीचा हेडलाइट त्या थेंबांत फुटतो आणि रस्ता नाहीसाच होतो. भांड्यांचा साबण चोळून पाहिला, स्प्रे आणला. चार दिवस बरं वाटतं. एका संध्याकाळी नळस्टॉपच्या अलीकडे डाव्या हाताने काच वर करत होतो, तेवढ्यात पुढचं चाक झाकणावरून सरकलं. पाय टेकला म्हणून वाचलो. मागच्या रिक्षावाल्याने शिवी दिली, ती रास्तच होती. चष्मा नसलेल्यांना कदाचित हा त्रास एवढा जाणवणारही नाही.

मेट्रोतही भिजायला होतंच. कल्याणीनगरला उतरल्यावरचा शेवटचा टप्पा छत्री सांभाळत, डबकी चुकवत जायचा. मी ऑफिसात बुटांचा एक जोड ठेवलाय आणि जाता-येता सँडल घालतो. सकाळी बसायला जागा मिळेलच असं नाही. रात्रपाळी असेल तर विषयच संपला. पण डेक्कनच्या पुढे गाडी मुठेच्या पात्रावरून जाते. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो आणि तिथली सगळी वाहतूक उरलेल्या पुलांवर चढते. अशा दिवशी वरून ते गढूळ पाणी बघत, कोरड्या चष्म्याने जाण्यात काय सुख आहे, ते मी सांगणार नाही. वेळ साधारण सारखाच लागतो, निदान मला. भर पावसात मेट्रोच आधी पोचते असा माझा अनुभव आहे, घड्याळ लावून मोजलेलं नाही.

स्कूटर विकलेली नाही. फक्त आठवड्यातून एकदा सुरू करून ठेवा. मी महिनाभर विसरलो, तर बॅटरी उतरली होती.