फाइलींची नावं दिसली म्हणून पैसे दिले

विंडोज फार रखडायला लागली होती, म्हणून एका रविवारी नव्याने टाकली. माझं सगळं महत्त्वाचं डी ड्राइव्हमध्ये होतं आणि त्याला मी हातही लावला नव्हता, त्यामुळे निर्धास्त होतो. नव्या विंडोजला जुनंच नाव दिलं, पासवर्डही जुनाच. मग वडिलांच्या वह्यांचे स्कॅन असलेला फोल्डर उघडला आणि पहिल्या फाइलवर क्लिक केलं. 'ॲक्सेस इज डिनाइड.' दुसरीवरही तेच. प्रत्येक चिन्हाच्या कोपऱ्यात एवढंसं कुलूप.

हे कुलूप मीच लावलं होतं, तीन वर्षांपूर्वी. लॅपटॉप चोरीला गेला तर कुणी वाचू नये म्हणून फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये एन्क्रिप्शनच्या, म्हणजे किल्लीशिवाय मजकूर वाचता येऊ नये याच्या, चौकोनात टिक केली होती. किल्लीचा बॅकअप घ्या, अशी सूचनाही आली होती. ती मी 'नंतर बघू' म्हणून घालवली.

ओनरशिप घेऊन झाली, परमिशन बदलून झाल्या, काही हललं नाही. चौथ्या दिवशी डेटा परत मिळवून देणाऱ्या एकाची जाहिरात दिसली. फोनवर बोलायला एकदम गोड. "सर, रोजच्या केसेस आहेत या. आधी पुरावा देतो, मग पैसे द्या." माझ्या कॉम्प्युटरचा ताबा दुरूनच घेतला, काळ्या खिडकीत भराभर काहीतरी टाइप केलं आणि दहा मिनिटांत यादी पाठवली. प्रत्येक फाइलचं नाव, साइज, तारीख. 'बाबा_वही_०३' वाचलं आणि मी विरघळलो. आगाऊ रक्कम तिथल्या तिथे पाठवली.

ही यादी मला स्वतःलाही काढता आली असती! या प्रकारच्या एन्क्रिप्शनमध्ये फाइलच्या आतला मजकूर फक्त बंद होतो. नाव, साइज, तारीख सगळं उघडंच असतं. त्याने मला माझ्याच घरावरची पाटी वाचून दाखवली आणि त्याचे पैसे घेतले.

इथवर फक्त पैशांचं नुकसान होतं. पुढे तो म्हणाला, "सी ड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करून विंडोज परत टाका, तेच नाव, तोच पासवर्ड. किल्ली नव्याने तयार होईल." मी केलं.

किल्ली अशी तयार होत नाही. प्रत्येक विंडोज आपल्या युजरला एक वेगळा ओळख क्रमांक देते. नाव आणि पासवर्ड तेच ठेवले तरी तिच्या लेखी तुम्ही नवे. फाइली उघडणारी खरी किल्ली जुन्या युजरच्या फोल्डरमध्ये, ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरच्या आत असते, आणि तिला जुन्या पासवर्डचं संरक्षण असतं. पहिल्या वेळी मी फॉरमॅट केलं नव्हतं, त्यामुळे तो अख्खा जुना फोल्डर सी ड्राइव्हवर, जुनी विंडोज बाजूला ठेवलेल्या 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये शाबूत पडला होता. विंडोज १० तो साधारण १० दिवसांनी आपोआप पुसते. मी चौथ्या दिवशी होतो, पासवर्डही पाठ होता. जाणकाराच्या हाती तेवढ्यावर काम होण्यासारखं होतं. किल्ली सी ड्राइव्हवरच होती आणि मी ती त्याच्या सांगण्यावरून स्वतःच्या हाताने पुसली.

त्याला हे माहीत नव्हतं की माहीत असून सांगितलं, देव जाणे. पण लगेच "केस आता कॉम्प्लिकेटेड झाली, स्पेशल की मागवावी लागेल" म्हणून आणखी पैसे मागितले. असली स्पेशल की कुणाकडेही नसते. मी नाही म्हणताच फोन बंद.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी कॉम्प्युटर वापरणं थांबवा आणि 'विंडोज डॉट ओल्ड' आहे का बघा. असला तर तो दुसऱ्या डिस्कवर जसाच्या तसा उतरवून घ्या. आणि ज्यांच्या फाइलींवर कुलूप आहे पण अजून उघडताहेत, त्यांनी आज रात्रीच सर्टिफिकेट मॅनेजर उघडून 'पर्सनल'मधलं सर्टिफिकेट प्रायव्हेट कीसकट एक्स्पोर्ट करावं. एक छोटी पीएफएक्स फाइल मिळते, तीच तुमच्या किल्लीची प्रत. पेनड्राइव्हवर घ्या. त्याच डी ड्राइव्हवर नको.

परवा दुसऱ्याच नंबरवरून मेसेज आला, "सर, तुमचा डेटा रिकव्हर होईल, फाइलींची लिस्ट पाठवू?" मी लिहिलं, लिस्ट नको, 'बाबा_वही_०३'ची पहिली ओळ पाठवा.

निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.