बदल केलेल्या पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट: उद्यमनगरातील एका वर्कशॉपचा अनुभव

माझी बोलेरो पिकअप मी वापरलेली घेतली, तेव्हा आधीच्या मालकाने तिला दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवलेला होता आणि मागच्या पाट्यांखाली (स्प्रिंगच्या पट्ट्यांखाली) ठोकळे घालून मागची बाजू दोन इंच उचललेली होती. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा सांधा) गेल्यावर मी सुट्या भागांच्या एका दुकानातून मॉडेल आणि वर्ष सांगून नवा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा, आणला. फ्लँजची (टोकाच्या जोडचकतीची) भोके जुळली म्हणून निर्धास्त झालो. पण ताशी 60 किलोमीटरच्या पुढे पायाखालचा पत्रा थरथरू लागला आणि महिनाभरात तोही क्रॉस वाजू लागला.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील या छोट्या वर्कशॉपमध्ये कारागिराने मॉडेल विचारलेच नाही. नेहमीचा माल भरून गाडी सपाट जागी चाकांवर उभी करायला सांगितली, कारण जॅकवर उचलली की ॲक्सल खाली लोंबतो आणि माप खोटे येते. एका फ्लँजच्या तोंडापासून दुसऱ्या फ्लँजच्या तोंडापर्यंत टेप लावल्यावर माझा नवा शाफ्ट 38 मिलिमीटरने आखूड निघाला. स्लाइडिंग योकच्या (मागेपुढे सरकणाऱ्या जोडाच्या) खाचा जेमतेम अंगठ्याएवढ्या अडकल्या होत्या. हे पाहून माझ्या पोटात गोळा आला.

खरे दुखणे मात्र कोनात होते. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्यापुढे जोडलेल्या शाफ्टच्या नळीचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि शाफ्टवरचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील, तरच एका क्रॉसने केलेली गडबड दुसरा निस्तरतो. माझ्या गाडीत गिअरबॉक्सकडे साडेचार अंश, तर डिफरन्शिअलकडे (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याकडे) साडेसात अंश भरले. ॲक्सल आणि पाट्यांच्या मधे कुणीतरी घातलेली तीन अंशांची पाचर काढताच हिशेब जुळला. एकूण कोन अजूनही मला हवा त्यापेक्षा जास्तच आहे, हे कारागिरांनी न विचारता सांगितले, आणि ठोकळे कमी केल्याशिवाय तो उतरणार नाही, हेही. जुना क्रॉस त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या दांड्यावर सुयांच्या बेअरिंगने पाडलेले समांतर खड्डे नखाला लागत होते.

नवी नळी कापून, खाचांमध्ये पाटे दबल्यावर आत सरकायला सुमारे 25 मिलिमीटर जागा राखून शाफ्ट वेल्ड केला, दोन्ही योकवर पंचने खुणा केल्या आणि बॅलन्सिंग करून दिले. त्यानंतर आंबा घाट भरल्या गाडीने तीनदा उतरलो-चढलो. थरथर गेली आहे.

तक्रारी तीनच. बॅलन्सिंगचे यंत्र त्यांच्याकडे नसल्याने शाफ्ट बाहेर पाठवावा लागतो, त्यात चार दिवस गाडी उभी राहिली, आणि बिलावर मापे न लिहिता फक्त ‘शाफ्ट काम’ एवढेच लिहिले. ती मापे मी स्वतः मागून वहीत उतरवून घेतली. तिसरी म्हणजे, मागच्या क्रॉसचे ग्रीस निपल (ग्रीस भरायचे तोंड) अशा बाजूला आले आहे की, ग्रीस गन लावायची म्हणजे दर वेळी गाडी अर्धे चाक पुढे ढकलावी लागते.