आईला नवीन केअर होममध्ये ठेवताना आम्ही कसे फसलो

आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, वय ७८, आम्ही पुण्यात. आधीच्या होममध्ये ती अडीच वर्षं छान रमली होती पण जागामालकाने जागा परत मागितली आणि महिन्याभरात सगळ्यांना हलवायचं ठरलं. घाई झाली आणि तिथेच घात झाला.

नेटवर नंबर टाकला की लगेच एका एजंटचा फोन, ताई टेन्शन घेऊ नका, मी सगळं बघतो. त्यांच्या गाडीतून जाऊन जागा पाहिली. तळमजल्यावर हवेशीर खोली, बाहेर तुळस, रात्री नर्स, महिन्याला ३२ हजार, डिपॉझिट १ लाख. मॅनेजर मॅडम इतकं गोड बोलल्या की भाऊ व्हिडिओ कॉलवर दुबईतून म्हणाला, हेच फायनल कर. पैसे त्याच दिवशी भरले आणि ॲग्रीमेंट घरी येऊन वाचायचं म्हणून सही करून मोकळी झाले. हे अजून मनाला लागतं.

निघताना मॅडम म्हणाल्या, पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका, घरचं कोणी दिसलं की पेशंट रडतात, सेटल होत नाहीत. मला ते पटलं, कारण जागा बदलली की असे पेशंट खरंच बिथरतात, संध्याकाळ झाली की आई जुन्या होममध्येही घरी चल म्हणायची. पण आता सांगते, भेटायचं नाही असं कोणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. त्या पंधरा दिवसांत मला फक्त फोटो आले, सगळे दुपारचे, सगळ्यात आई खुर्चीत बसलेली.

सोळाव्या दिवशी गेले तर आई तळमजल्यावर नव्हतीच. दुसऱ्या मजल्यावर सहा जणींची खोली, लिफ्ट नाही. अंगात दुसऱ्याच कोणाचा गाऊन, गळ्याशी पेनाने भलतंच आडनाव लिहिलेलं, चष्मा गायब. आईला एक सवय आहे, पदर किंवा चादरीची कड दिसली की ती बोटांनी बारीक निऱ्या घालत बसते, तासन् तास. त्या दिवशी मी माझी ओढणी तिच्या हातात दिली तर ती तशीच मांडीवर पडून राहिली. मला ताई म्हणून हाक मारते एरवी, त्या दिवशी तेही नाही.

जिन्यात एका मावशींनी हळूच सांगितलं, रात्री आम्ही दोघीच असतो बावीस जणांना, नर्स कधी आलीच नाही, म्हणून सगळ्यांना झोपेची गोळी देतात. खरं काय ते मला महिन्याच्या बिलात सापडलं. मेडिकलच्या पावतीत क्वेटियापिनच्या, म्हणजे गंभीर मानसिक आजारात देतात त्या गुंगी आणणाऱ्या गोळीच्या, स्ट्रिप्स होत्या आणि आमच्या न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीत ती गोळी नव्हतीच! डॉक्टर ऐकून चिडले, म्हणाले डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटना अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ लाच दिलाय, गरज असली तरी नीट तपासून थोड्या दिवसांसाठी देतात. हीच गोळी आमच्याच पैशाने आणून आईला गुंगीत ठेवत होते. बिलात फिजिओचे ६ हजार वेगळेच, तो तर एकदाही आला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आईला घरी आणलं. डिपॉझिट मागितलं तर पावती दाखवली, त्यावर छापलंय "ऐच्छिक देणगी". आणि ॲग्रीमेंटमध्ये दोन महिन्यांची नोटीस नाही दिली तर काही परत मिळणार नाही. एजंटचा फोन तेव्हापासून लागतच नाही.

हातात पुरावा उरला तो एका व्हॉट्सॲप मेसेजचा. मॅडमनी स्वतः लिहिलं होतं, "डिपॉझिट १ लाख या खात्यात पाठवा". त्यामुळे प्लीज, फोनवर ठरलेलं सगळं मेसेजवर लिहून घ्या, कोणती खोली, रात्री कोण, डिपॉझिट परत कधी. पावतीवर डिपॉझिट हाच शब्द आहे ना ते तिथेच उभं राहून बघा. औषधांचा चार्ट दर आठवड्याला मागा. आणि न सांगता रात्री आठ नंतर एकदा जाऊन या, दुपारी कुठलीही जागा बरी दिसते.

वकील म्हणाले की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो, अशा पेशंटना ठेवणाऱ्या संस्थेला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. या लोकांनी ट्रस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं आणि मी तेच लायसन्स समजले. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, पण उपयोग झाला नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीय. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, मला ती उशिरा कळली, तुम्ही आधीच सेव्ह करून ठेवा.

गोळी डॉक्टरांनीच बंद केली. आठवड्याने आईने उशीचा अभ्रा ओढून घेतला आणि निऱ्या घालायला लागली. पैसे अजून मिळालेले नाहीत, पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.