स्लॅकलाइनवर उभं राहून तीन चेंडू: अनेक महिन्यांच्या सरावानंतरचा अनुभव

स्लॅकलाइन, म्हणजे दोन झाडांमध्ये ताणलेल्या पट्ट्यावर तोल सावरत चालणं, करणारे बरेच असतात; ज्युगलिंग, म्हणजे चेंडू एकामागून एक उडवत झेलत राहणं, करणारेही बरेच. दोन्ही एकत्र करायचं ठरवलं की पट्टा किती रुंद हवा, ताण किती, चेंडू कसले, हे सगळेच हिशेब बदलतात. गेले अनेक महिने मी जवळजवळ फक्त हेच करते आहे. खरेदी करताना ज्यांचा कीस काढला होता त्यातल्या निम्म्या गोष्टी आता गौण वाटतात, आणि ज्यांच्याकडे लक्षही गेलं नव्हतं त्यांच्यावर सगळं अवलंबून आहे असं दिसतं.

मूळ पेच हातांचा आहे. पट्ट्यावर तोल सावरतात ते हात. खांद्यापर्यंत उचललेले, कोपरात किंचित वाकलेले हात डावी-उजवीकडे जातात म्हणून पाय जागेवर राहतात. दोन्ही हात मिळून शरीराच्या वजनाच्या साधारण 10 टक्के भरतात, त्यामुळे ते हलवले की लगेच फरक पडतो. ज्युगलिंगला नेमकं उलटं हवं असतं: कोपरं कमरेजवळ, पंजे नाभीच्या उंचीला, हालचाल छोटी आणि एकसारखी. म्हणजे तोलाचं काम हातांकडून काढून कंबर, गुडघा आणि घोट्याकडे सोपवावं लागतं. माझ्या मते या छंदातला अवघड भाग एवढाच आहे. चेंडूंचा प्रश्न नंतरचा.

म्हणून सुरुवातीचा बराच काळ चेंडू उडवायचेच नाहीत. दोन्ही हातांत एकेक चेंडू धरायचा, कोपरं अंगाला लावायची आणि एका पायावर उभं राहायचं. पहिले काही सेकंद पट्टा पायाखाली थरथरतो, आणि ती थरथर गुडघा ताठ ठेवला की वाढते, मऊ सोडला की विरते. तोल उजवीकडे जाऊ लागला की खांदे न हलवता कंबर सरकवून वजन पुन्हा पट्ट्यावर आणायचं. मोकळा पाय बाजूला हवेत असतो, तो हातांची जागा घेतो. असं अर्धा मिनिट निवांत उभं राहता आलं की मग पहिला चेंडू. जमिनीवर तीन चेंडूंचं कॅस्केड, म्हणजे चेंडू आळीपाळीने एका हातातून दुसऱ्या हातात उडवण्याची मूळ पद्धत, डोळे झाकून सुरू करता येईल इतकं मुरलेलं नसेल, तर पट्ट्यावर ते नेऊच नये.

आता सामानाबद्दल. माझ्याकडे आधी नेहमीचा नवशिक्यांचा संच होता: 50 मिलिमीटर रुंद पट्टा, तो ताणायचं दातेरी चाकाचं रॅचेट, झाडांच्या खोडाला गुंडाळायची जाड आवरणं आणि डोक्यावरून बांधायची आधाराची दोरी. ही दोरी साध्या स्लॅकलाइनसाठी फार उपयोगी आहे, पण ज्युगलिंगला निरुपयोगी. ती बरोबर चेंडूंच्या वाटेत येते. रुंद पट्ट्यावर तळव्याला आराम मिळतो हे खरं, पण पाऊल मधोमध नसेल तर पट्ट्याची कड कलते आणि घोटाही तिच्याबरोबर कलतो. हात मोकळे असताना हे निभावतं. हात गुंतले की नाही. पुढे 25 मिलिमीटरचा पट्टा घेतला आणि तिथेच राहिले. अरुंद पट्टा पावलाच्या मध्यरेषेखाली राहतो, तळव्याला तो नीट कळतो, आणि खाली न बघता पाऊल कुठे आहे ते समजतं. तसंही हा खेळ वाढला तो अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यातल्या गिर्यारोहकांच्या याच रुंदीच्या पट्ट्यांवर. 1985 मध्ये स्कॉट बालकम यांनी तिथल्या लॉस्ट ॲरो स्पायर या सुळक्याजवळची दरी पट्ट्यावरून चालत पार केली तेव्हा रुंद पट्ट्यांचे तयार संच यायला बराच अवकाश होता.

नायलॉन की पॉलिस्टर, यात मी पॉलिस्टरच्या बाजूने आहे. नायलॉन जास्त ताणला जातो आणि गुडघ्याच्या प्रत्येक हालचालीला उसळून उत्तर देतो. उड्या मारणाऱ्यांना ते आवडेल, पण चेंडू झेलताना पायाखालची जमीन वर-खाली होणं नको असतं. ऊन दोघांनाही मानवत नाही, म्हणून सराव झाला की पट्टा काढून ठेवावा. बांधल्यावर दहा मिनिटं तसाच सोडून पुन्हा ताणला तर मध्येच सैल पडत नाही.

ताणाच्या बाबतीत जरा जास्त लिहिते, कारण इथे अंदाजपंचे चालत नाही. 10 मीटरच्या पट्ट्यावर मधोमध 70 किलोचा माणूस उभा राहिला आणि अर्धा मीटर झोळ पडला, तर प्रत्येक टोकाला साधारण 350 किलो वजनाइतकी ओढ बसते. झोळ निम्मा करा, ओढ दुप्पट होते. म्हणजे "अजून थोडं घट्ट" म्हणत रॅचेट ओढत जाणं झाडाला, पट्ट्याला आणि माणसालाही महागात पडू शकतं. खोड किमान 30 सेंटीमीटर जाड असावं. रॅचेटच्या रिळावर पट्ट्याचे दोन-तीन पूर्ण वेढे बसलेच पाहिजेत, आणि सोडताना बोटं, केस, गळ्यातलं काहीही जवळ नको, कारण ती ओढ एका क्षणात सुटते. ज्युगलिंगसाठी मला 8 मीटरच्या आसपास, मध्यमपेक्षा किंचित घट्ट आणि गुडघ्याच्या खाली असलेली लाइन सगळ्यात चांगली वाटते. सैल लाइन संथ पण मोठा झोका घेते, आणि तो झोका हातांशिवाय आवरत नाही. घट्ट लाइनची थरथर जलद असली तरी छोटी असते, कंबर ती पचवते.

चेंडूंमध्ये बीनबॅगला पर्याय नाही. सुमारे 120 ग्रॅमचे, साडेसहा सेंटीमीटरचे, दाणे भरलेले. पडले की पडले तिथेच राहतात. गुळगुळीत प्लॅस्टिकचे चेंडू सुंदर दिसतात, पण घरंगळून नेमके तिथे जातात जिथे उतरताना पाय पडणार असतो. चेंडूवर पाय पडून घोटा मुरगळणं हाच इथला खरा धोका आहे, पट्ट्यावरून पडणं नव्हे. त्यामुळे झेल सुटला की त्याच्यामागे वाकायचं नाही. चेंडू जाऊ द्यायचा, नजर समोर, मग जमीन बघून शांतपणे उतरायचं.

फेकीची उंची किती ठेवावी? लाइनवर माणूस वेळ मिळावा म्हणून उंच फेकू लागतो. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी ज्युगलिंगचं जे समीकरण मांडलं, त्यात चेंडू हवेत असण्याचा वेळ, हातात असण्याचा वेळ आणि हात रिकामा असण्याचा वेळ यांचं नातं चेंडूंच्या आणि हातांच्या संख्येशी जोडलेलं आहे. हातांपासून अर्धा मीटर वर गेलेला चेंडू सुमारे 0.64 सेकंद हवेत असतो, 30 सेंटीमीटर गेलेला सुमारे 0.5. उंच फेकीने सवड मिळते, पण मान वर जाते, आणि मान वर गेली की तोल गेलाच. मला कपाळाच्या किंचित वरची उंची मानवली.

कारण नजरेचंही एक भांडण आहे. लाइनवर नजर समोरच्या झाडावर, पट्टा बांधला आहे तिथे खिळवायला शिकवतात, ज्युगलिंगमध्ये फेकीच्या शिखराकडे. मी पट्ट्याच्या रेषेतच पण बरंच लांब, कपाळाच्या उंचीचं काहीतरी निवडते, एखादी फांदी किंवा खिडकीची चौकट, आणि चेंडूंच्या आरपार तिच्याकडे बघते. चेंडू नजरेच्या कडेला दिसत राहतात आणि तेवढं पुरतं. 2004 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात तीन महिने तीन चेंडूंचा सराव केलेल्यांच्या मेंदूत, हालचाल टिपणाऱ्या भागात वाढ दिसली होती, आणि सराव थांबल्यावर ती ओसरली होती. सरावात खंड पडला की मला हे पटतं. चेंडू हाताला लवकर आठवतात, पण आरपार बघण्याची सवय पुन्हा लावून घ्यावी लागते.

पट्ट्यावर चढणं तसं सोपं. दोन चेंडू उजव्या हातात, एक डाव्यात, आणि उभं राहून थरथर थांबल्याशिवाय पहिला चेंडू सोडायचा नाही. सुरू करायची घाई केली की दुसऱ्या-तिसऱ्या झेलाला सगळं कोसळतं.

सध्या चालण्यावर आले आहे. पाऊल उचलून टाकण्यापेक्षा पट्ट्यावरून पुढे सरकवलेलं बरं, म्हणजे वाट पायालाच कळते. डावं पाऊल उजव्या हाताच्या फेकीबरोबर आणि उजवं डाव्याच्या, असं केलं की अंग एका बाजूला ओढलं जात नाही. प्रत्येक फेकीला पाऊल नाही. मध्ये काही फेकी जागेवर उभं राहून लय बसवायची, मग पुढचं पाऊल. मधोमध झोळ सर्वात जास्त असतो, तिथून पुढे किंचित चढ लागतो आणि तिथे वजन मागच्या टाचेवर रेंगाळू द्यायचं नाही. वळण्यासाठी मात्र मी अजून तीनही चेंडू हातात घेऊन थांबते, वळते आणि मग पुन्हा सुरू करते.