साठ ठोकळे आणि एकाच तऱ्हेचा त्रिकोण : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बालवर्गातील चार ते सहा वर्षांच्या मुलांना आकारांची ओळख करून देण्यासाठी गेले आठ महिने मी लाकडी ठोकळ्यांचा एक संच वापरत आहे. ‘अ‍ॅट्रिब्यूट ब्लॉक्स’ किंवा ‘लॉजिक ब्लॉक्स’ या नावांनी तो ओळखला जातो आणि बहुतेक उत्पादक तो जवळजवळ सारखाच घडवतात. त्यामुळे हा अभिप्राय कोणा एका उत्पादकाविषयी नसून त्या घडणीविषयी आहे. माझ्या वर्गात २२ मुले आहेत. आठवड्यातून चार दिवस, सहा-सात मुलांचा एकेक गट घेऊन, दर वेळी साधारण वीस मिनिटे आम्ही हे ठोकळे काढतो.

संचाचा हिशेब सोपा आहे. वर्तुळ, चौरस, आयत, त्रिकोण आणि षटकोन असे ५ आकार. लाल, पिवळा आणि निळा असे ३ रंग. लहान आणि मोठा असे २ मापांचे प्रकार. आणि जाड व पातळ अशा २ जाड्या. या साऱ्यांचा गुणाकार केला की ६० ठोकळे होतात आणि त्यांपैकी कोणतेही दोन अगदी एकसारखे नसतात. झोल्टान डिएनेश (१९१६–२०१४) या हंगेरीत जन्मलेल्या गणितशिक्षणतज्ज्ञाच्या नावाशी हे ठोकळे जोडले जातात, आणि प्रत्येक ठोकळा एकुलता एक असणे हीच त्यांतील खरी खुबी आहे, हे मला तिसऱ्या महिन्यात एका किरकोळ अडचणीमुळे उमगले.

त्या दिवशी आवराआवर करताना ठोकळे ५९ भरले. एक कमी आहे एवढे मला मोजून कळले, पण कोणता कमी आहे हे काही सांगता येईना. मी मुलांना म्हटले की आपल्यातला एक जण हरवला आहे, तो कोण हे शोधून काढू या. त्यांनी आधी रंगांप्रमाणे तीन ढीग केले. वीसपर्यंत न चुकता मोजणे बहुतेकांना जमत नव्हते, म्हणून त्यांनी लाल ठोकळ्यांची एक रांग मांडली आणि प्रत्येकासमोर त्याचा निळा जोडीदार आणून ठेवायला सुरुवात केली. लाल मोठ्या जाड चौरसासमोर निळा मोठा जाड चौरस, याप्रमाणे. जोडीदार चुकला की शेजारचे मूल लगेच हरकत घेत होते. बराच वेळ गेल्यावर एका लाल ठोकळ्यासमोरची जागा रिकामी राहिली आणि एक मुलगी म्हणाली, “ताई, निळा, छोटा, बारीक त्रिकोण घरी गेला.” चारही गुणधर्म एका दमात आणि अचूक सांगितले गेले होते. तेवढे वाक्य वदवून घेण्यासाठी मी त्याआधी कितीतरी तास खर्ची घातले होते. हरवलेला ठोकळा सापडला नाही तेव्हा मी पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापून निळा रंगवला आणि डब्यात टाकला.

आकार शिकवताना रंग वेगळा काढता येणे हा या संचाचा मोठा फायदा आहे. भिंतीवरच्या तक्त्यांत त्रिकोण नेहमी एकाच रंगाचा आणि चौरस नेहमी दुसऱ्याच रंगाचा रंगवलेला असतो. मग मूल आकाराऐवजी रंग ओळखते आणि आपल्याला वाटते की आकार आला. येथे तशी पळवाट नाही. ‘एका फरकाची आगगाडी’ हा आमचा रोजचा खेळ झाला आहे: पुढचा डबा मागच्या डब्यापेक्षा एकाच बाबतीत वेगळा हवा. मोठ्या लाल जाड वर्तुळानंतर मोठे लाल पातळ वर्तुळ चालते, परंतु लहान निळे वर्तुळ चालत नाही. पाच वर्षांची मुले यात दोन महिन्यांत तरबेज झाली, चार वर्षांच्यांना ‘वेगळा’ आणि ‘एकाच बाबतीत वेगळा’ यांतला भेद अजूनही पुष्कळदा निसटतो. पिशवीत हात घालून न पाहता ठोकळा ओळखण्याचा खेळही चांगला रंगतो. स्पर्शाने आकार, माप आणि जाडी कळते, रंग कळत नाही. तरीही एक मुलगा दर वेळी ठामपणे “लाल” असेच सांगतो आणि तीनातून एकदा त्याचे बरोबर येत असल्यामुळे त्याचा विश्वास काही ढळत नाही.

आता तक्रारीकडे वळते, कारण ती गंभीर आहे आणि संच विकत घेताना माझ्या ध्यानात आली नव्हती. माझ्या संचातील बाराही त्रिकोण समभुज आहेत. लहान असोत वा मोठे, साऱ्यांची ठेवण एकच. जे ठोकळे एवढ्या काटेकोरपणे चार गुणधर्म वेगळे करून दाखवतात, तेच त्रिकोणपणाचे एकच रूप मुलांच्या डोळ्यांत पक्के बसवतात.

चौथ्या महिन्यात मी जाड कागदाच्या दहा आकृत्या कापल्या. सहा खरे त्रिकोण होते: एक रुंद, एक काटकोनी, एक लांब आणि अगदी चिंचोळा, एक विषमभुज, एक फार लहान आणि एक मी टोक खाली करून ठेवलेला. उरलेल्या चार आकृत्या फसव्या होत्या. एकीच्या बाजू बाहेर फुगलेल्या, एकीचे कोपरे गोलसर, एकीला चौथा बारीकसा कोपरा आणि एक तळाशी उघडीच राहिलेली. त्रिकोण तेवढे निवडायला सांगितल्यावर जवळजवळ सर्वांनी रुंद त्रिकोण पहिल्याच झटक्यात उचलला, चिंचोळ्याला “ही तर काठी” म्हणून बाजूला सारले आणि फुगलेल्या बाजूंच्या आकृतीला आनंदाने आत घेतले, कारण ती एकंदर दिसायला ओळखीची होती. टोक खाली असलेल्या त्रिकोणापुढे एक मुलगा थबकला, उठला, सतरंजीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसला आणि तिथून पाहून म्हणाला, “इकडून आहे.”

मुलांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. डच शिक्षक दांपत्य पिअर व्हान हिले आणि डिना व्हान हिले-गेल्डोफ यांनी १९५७ साली आपल्या प्रबंधांतून भूमितीच्या आकलनाच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांतील पहिल्या पायरीवर आकार त्याच्या एकंदर रूपावरून ओळखला जातो. बाजू आणि कोन हे त्याचे गुणधर्म पुढच्या पायरीवर येतात. डग्लस क्लेमेंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही साधारण याच वयाची मुले वर्तुळे जवळजवळ न चुकता आणि चौरस बऱ्यापैकी ओळखत होती, त्रिकोण आणि आयत यांच्या बाबतीत मात्र ती बरीच मागे होती. याचे एक कारण उघड आहे. वर्तुळाचे रूप मापाखेरीज बदलतच नाही, चौरसही फार तर तिरका ठेवता येतो, त्रिकोणाला मात्र हजार रूपे आहेत आणि माझ्या संचाने त्यांतील एकच दाखवले.

या ठिकाणी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतील भौमितिक आकृत्यांच्या कपाटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यात त्रिकोणांसाठी स्वतंत्र खण असतो आणि त्या खणात समभुज, समद्विभुज, विषमभुज, काटकोनी असे निरनिराळे त्रिकोण आपापल्या चौकटीत बसवलेले असतात. मूल मुठीने धरून ते काढते आणि बोटाने कडा गिरवते. ते कपाट वर्गीकरणाच्या खेळांना या ठोकळ्यांइतके सोयीचे नाही, परंतु त्रिकोणाच्या बाबतीत ते निःसंशय सरस आहे.

माझा उपाय साधा होता आणि तो लागू पडला. निरनिराळ्या लांबीच्या सरळ काड्या आणि सांधण्यासाठी मळलेल्या मातीच्या गोळ्या मी मुलांना दिल्या आणि तीन काड्यांचे बंद घर करायला सांगितले. जे घर तयार होईल त्याला आम्ही त्रिकोण म्हणायचे ठरवले, मग ते कितीही वाकडेतिकडे दिसो. एका मुलीने एक लांब आणि दोन फार आखूड काड्या निवडल्या. दोन्ही टोकांकडून आखूड काड्या आत वळवल्या तरी त्या एकमेकींना भिडेनात. ती बराच वेळ खटपट करून म्हणाली, “पोचतच नाहीत.” कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असावी लागते हे विधान तिला वरच्या इयत्तेत केव्हातरी भेटेल, त्याचा बोटांना आलेला अनुभव मात्र तिच्याजवळ आताच आहे. त्यानंतर महिनाभराने तीच दहा कागदी चित्रे पुन्हा मांडली, तेव्हा चिंचोळा त्रिकोण बहुतेकांनी आत घेतला आणि फुगीर बाजूंच्या आकृतीवरून रीतसर वाद झाला. दोघे अजूनही तिला सोडायला तयार नाहीत.

दुसरी अडचण ठोकळ्यांची नव्हे, आपल्या भाषेची आणि माझ्या जिभेची आहे. बोलताना आपण वर्तुळालाही गोल म्हणतो आणि चेंडूलाही गोल म्हणतो. चौकोन हा शब्द चार बाजूंच्या कोणत्याही बंद आकृतीचा, पण लहान मुलांच्या तक्त्यावर तो हमखास चौरसाखाली छापलेला असतो. मग आयत, समलंब किंवा पतंगासारखी आकृती हे सगळे चौकोन आहेत, हे पुढे सांगताना आपलेच आधीचे बोलणे आडवे येते. मी आता पहिल्या दिवसापासून चौरस आणि वर्तुळ हेच शब्द वापरते. मुलांना ते जड जात नाहीत. ‘डायनोसॉर’ म्हणणाऱ्या जिभेला ‘षटकोन’ काय अवघड?

आयताच्या बाबतीत मी स्वतः वर्षानुवर्षे चूक करत होते, हेही नोंदवले पाहिजे. ‘दोन बाजू लांब आणि दोन आखूड’ अशी ओळख करून दिली की चौरस आयतांच्या घराबाहेर पडतो आणि तिरपी समांतरभुज आकृती मात्र आत शिरते. आता आम्ही कोपरे तपासतो. कोणताही कागदाचा तुकडा एकदा दुमडायचा आणि त्या घडीची कड तिच्यावरच जुळेल असा पुन्हा दुमडायचा; जो कोपरा तयार होतो तो बरोबर काटकोन असतो. प्रत्येक मुलाजवळ असा ‘घडीचा कोपरा’ आहे आणि तो चारही ठिकाणी चपखल बसला तरच आकृती पास होते. चौरसही पास होतो तेव्हा मुले थोडी गोंधळतात. चौरस हा एक खास आयत आहे हे त्यांच्याकडून म्हणवून घेण्याची घाई मी करत नाही, पण तो आयत नाही असे माझ्या तोंडून आता जात नाही.

जाडीविषयी मात्र मला मुलांनी शिकवले. जाड त्रिकोण उभा करून एका मुलाने मला त्याची कड दाखवली आणि विचारले, “ताई, इकडे आयत कसा आला?” प्रश्न रास्त होता. हातात धरता येणारा कोणताही ठोकळा काटेकोरपणे पाहता त्रिकोण नसतोच, ती त्रिकोणी तळाची चिती असते. आणि ज्याला आपण जाड वर्तुळ म्हणतो ती बुटकी वृत्तचिती असते. फ्रीडरिश फ्रोबेल यांनी बालशिक्षणाचे काम १८३७ साली सुरू केले आणि १८४० साली त्याला किंडरगार्टन हे नाव दिले. त्यांच्या साहित्यात मूल चेंडूपासून सुरुवात करते, पुढे लाकडी गोल, वृत्तचिती आणि घन यांच्याशी खेळते आणि सपाट फरश्या त्यानंतर येतात. तो क्रम मला आता पटतो. पुढच्या तुकडीला मी आधी घन वस्तू देणार आहे, त्यांचे तळ रंगात बुडवून कागदावर ठसे उमटवून घेणार आहे आणि त्या ठशांना नावे दिल्यावरच हा डबा उघडणार आहे. यंदा मी उलट्या क्रमाने गेले.

टिकाऊपणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. त्रिकोणांच्या टोकांवरचा रंग उडाला आहे, पातळ ठोकळे गुळगुळीत फरशीवरून लहान बोटांना उचलता येत नाहीत म्हणून खाली सतरंजी लागते, आणि डब्याचे सरकते झाकण दुसऱ्याच महिन्यात निकामी झाले. षटकोनाच्या बाजू मोजताना कोठून सुरुवात केली हे मुले विसरतात व सात-आठपर्यंत जातात. एका बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावला की प्रश्न मिटतो.

दुसऱ्याने विचारले तर मी हा संच घ्यायला सांगेन, पण त्याच्यासोबत कात्री, पुठ्ठा आणि काड्यांची जुडी पहिल्या दिवसापासून जवळ ठेवण्याच्या अटीवर. आकारांची नावे पाठ करून घेण्यापुरताच तो हवा असेल तर घेऊ नये. त्या कामाला हातचे कागदही पुरतात.

हरवलेला निळा त्रिकोण मागच्या आठवड्यात कपाट सरकवताना सापडला. आता डब्यात ६१ नग आहेत. आगगाडी खेळताना पुठ्ठ्याचा त्रिकोण आणि लाकडाचा त्रिकोण एकमेकांशेजारी ठेवावेत की नाही यावर मुलांचे भांडण जुंपले. एका गटाचे म्हणणे होते की दोघांत काहीच फरक नाही, म्हणून डबा चालणार नाही. त्यावर ठोकळा हरवल्याच्या दिवशी त्याचे वर्णन करणाऱ्या मुलीने दोन्ही त्रिकोण जमिनीवर टाकून त्यांचा आवाज ऐकवला आणि पुठ्ठ्याचा डबा गाडीला जोडून टाकला.