पायोनियर अ‍ॅलॉक्स की साधा स्पार्टन? संत्र्याच्या बागेतला अनुभव

जंबेरी या काटेरी लिंबाचा काटा बोटात मोडला की दुसरं काही सुचत नाही. आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडच्या बागेत संत्र्याची कलमं जंबेरीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, बांधलेली आहेत. कलमाच्या खालून खुंटाचे फुटवे आले की ते काढावेच लागतात. ते काढतानाच काटा रुतला. खिशातून पायोनियर अ‍ॅलॉक्स, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सचा घडीचा स्विस चाकू काढला, तर त्यात चिमटा नाही!

नागपुरात सीताबर्डीतल्या दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘साध्या चाकूत आहे ते सगळं यात आहे.’ साफ खोटं. धाकट्या भावाच्या त्याच कंपनीच्या लाल स्पार्टनच्या मुठीत चिमटा आणि दातकोरणं दोन्ही आहेत. अ‍ॅलॉक्सच्या मुठीला ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांत खाच ठेवायला जागाच नसते. कारण पटतं. पण जास्त पैसे मोजून काटा घरी येऊन सुईनं काढायचा? सुरुवातीला मी तो विकायलाच निघालो होतो.

मत फिरलं ते टोच्यामुळे, म्हणजे भोक पाडायच्या अणकुचीदार पात्यामुळे. स्पार्टनचा टोच्या पाठीवर मधोमध उघडतो. पायोनियरचा मुठीच्या टोकाला, मुठीच्या सरळ रेषेत. एकदा ठिबकच्या नळ्यांना भोक पाडायचा पंच घरी राहिला, तेव्हा लॅटरलला (झाडांच्या ओळीतल्या बारीक नळीला) भोक यानंच पाडलं. हाताचा सगळा जोर थेट टोकावर येतो. एका अंगाला धार आहे, त्यामुळे टोचून हळूच फिरवला की भोक गोल होतं आणि ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी) घट्ट बसतो. पोती शिवतानाही हाच हाती येतो. मूठ घामेजल्या हातातून सटकत नाही. भावाच्या चाकूची प्लॅस्टिकची पट्टी विहिरीच्या काठावर पडून तडकली. माझाही तिथंच पडला, नुसता ओरखडा आला.

धारेसाठी मात्र जास्त पैसे देऊ नका, पोलाद दोन्हीत सारखंच आहे. लांबीतही फरक नगण्य, स्पार्टन ९१ मिमी, हा ९३. उलट यात लहान पातं नाही. मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याच्या) संत्र्यांच्या तोडणीत रस सांध्यात सुकला की दोन्ही सारखेच जड होतात. कोमट पाण्यात उघडझाप करायची, पुसून तेलाचा एक थेंब सोडायचा.

शेतात, वायरिंगच्या कामात रोज वापरणार असाल तर पायोनियर घ्या, पैसे वसूल होतात. घरी फळं कापायला आणि प्रवासाला स्पार्टनच घ्या. भाच्याला मी तोच घेऊन देणार आहे. माझ्या चाकूच्या कडीला आता गांधीबागेतून वेगळा आणलेला चिमटा लटकतोय. तो दुकानदारानं फुकट द्यायला हवा होता.