कांद्यासाठी मधपेट्या भाड्याने घेतल्या, माशा गेल्या सूर्यफुलावर: दोन महिन्यांचा अनुभव

देऊळगाव राजाकडे कांदा बियाणं करणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. पण पैसे खिशातून गेले की चीड येतेच. दोन एकरांतल्या कांद्यासाठी पेटीला दीड हजार भाडं मोजून मेलिफेरा (पेटीत पाळतात ती परदेशी मधमाशी) जातीच्या दोन पेट्या आणल्या.

कांद्याचे गोंडे, म्हणजे फुलांचे गेंद, फुटायला बारा दिवस बाकी असतानाच पुरवठादाराने पेट्या आणून टाकल्या. म्हणाला, "माशांना जागेची सवय होऊ द्या." सवय लागली ती बांधापलीकडच्या सूर्यफुलाची. गोंडे फुलल्यावरही तेच. रोज सकाळी मी पेटीच्या दाराशी बसायचो. परतणाऱ्या माशीच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या असतात, रंगावरून ती कुठून आली ते कळतं. जी बघावी तिच्या पायांवर सूर्यफुलाचं शेंदरी-पिवळं. कांद्याचा मळकट पराग शोधून सापडायचा.

फोनवर भांडलो. उत्तर मिळालं, "पेट्या कमी पडतात, आणखी दोन घ्या." नाइलाजाने घेतल्या. त्या रात्री आल्या तेव्हा दहाएक टक्के गोंडे उमलले होते. आणि या दोन पेट्यांच्या माशा दुसऱ्या दिवशी थेट कांद्यावर!

तिथे माझं मत बदललं. तोवर मी माशांनाच बोल लावत होतो, पण चूक वेळेची होती: पहिल्या पेट्या आल्या तेव्हा कांद्यावर फूलच नव्हतं. मधमाशीला एकदा चांगलं फूल सापडलं की ती त्याच पिकावर फिरत राहते आणि पेटीत नाचून इतरांनाही तिकडेच धाडते. कांद्याचा मकरंद गोड असतो, पण त्यात पोटॅशियम फार. माशांना ते रुचत नाही, हे १९७२ साली अमेरिकेत कांद्यावरच्या अभ्यासात मांडलं गेलंय. शेजारी सूर्यफूल असताना त्यांनी कांदा का धरावा? नव्या माशाही पाच-सहा दिवसांत तिकडे वळू लागल्या. पण तेवढे दिवस कामाचे होते. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतं, त्यामुळे गोंड्यागोंड्यावर फिरणारी माशी लागतेच.

एक माशी अगदी जवळून पाहिली. गोंड्यावर बसली, सोंड घातली, काढली, शेजारच्या फुलात घातली आणि उडाली बांधापलीकडे. फुकटच्या फुलोरी माशा (झुडपात पोळं करणाऱ्या छोट्या रानमाशा) मात्र दुपारपर्यंत गोंडे सोडत नव्हत्या. म्हणून बांधावरच्या बोरीतलं त्यांचं पोळं यंदा कुणाला काढू दिलं नाही.

पुढच्या वर्षी अर्धं भाडं पेट्या आल्यावर, उरलेलं पायांवरचा पराग बघून. गोंडे उमलायच्या आधी आणून टाकल्या तर गाडी परत पाठवणार. शेजारच्या दादांनाही विचारून ठेवलंय, सूर्यफूल पंधरा दिवस आधी पेरता येईल का.